तळटीप क्रमांक ४७

पाचव्या वर्षाला असताना मी आमच्या लॉ कॉलेजच्या जर्नलचा मुख्य संपादक होतो. अंक छापखान्यात जायला तीन आठवडे उरले होते आणि एका लेखातली एक तळटीप अडली. ती सोडवता सोडवता अंक दीड महिना लांबला, एक ज्येष्ठ वकील आमच्यावर नाराज झाले, आणि तीन वर्षांपूर्वी माझ्याच हातून झालेली एक चूक उघडी पडली. जर्नलमध्ये येऊ पाहणारी मुलं अजून मला विचारतात, ‘तिथे नेमकं करायचं काय असतं?’ मी त्यांना दरवेळी हेच प्रकरण सांगतो. आज ते नीट लिहून काढतोय.

आधी जर्नलचं काम कसं चालतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

वैद्यकाची किंवा अर्थशास्त्राची नियतकालिकं त्या त्या विषयातले जाणकार चालवतात. कायद्यात मात्र अमेरिकेतून आलेली एक वेगळीच रीत आहे. तिथे संपादक विद्यार्थी असतात. हार्वर्ड लॉ रिव्ह्यू १८८७ मध्ये विद्यार्थ्यांनी सुरू केलं. लेख प्राध्यापकाचा असो की न्यायाधीशाचा, तो घ्यायचा की परत पाठवायचा हे विद्यार्थी ठरवतात. आपल्याकडच्या बऱ्याच लॉ कॉलेजांनी हीच रीत उचलली. दाखले कसे द्यायचे याचं ‘ब्लूबुक’ही तिकडच्या विद्यार्थ्यांनीच १९२६ मध्ये काढलं, आणि आमची मुलं आजही स्वल्पविराम कुठे द्यायचा यावरून त्याच्या आधारे भांडतात.

आमच्याकडे लेख आला की लेखकाचं नाव काढून तो दोघांकडे वाचायला जायचा. दोघांनी होकार दिला की संपादक मंडळापुढे, आणि तिथून पसंत झाला की तळटिपा तपासायला. हे तपासणीचं काम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांचं. एका लेखात शंभर-सव्वाशे तळटिपा असतात. प्रत्येकीसाठी मूळ निकाल किंवा पुस्तक शोधायचं, ते पान काढून फोल्डरमध्ये ठेवायचं, आणि एक्सेलच्या तक्त्यात नोंद करायची: तळटिपेचा क्रमांक, लेखातलं विधान, दिलेला दाखला, पान जुळतं का, आणि शेवटी तपासणाऱ्याची आद्याक्षरं. मूळ पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय टिक करायचं नाही, हा नियम. रात्री जागून करायचं हे काम कंटाळवाणं आहे, त्याचे गुण मिळत नाहीत, आणि बायोडेटात त्याची एक ओळ होते. तरीही जर्नलचा जीव तिथेच आहे असं मी मानतो. लेख निवडायला दहा जण पुढे येतात. तळटीप तपासायला बसणारा माणूस मिळवावा लागतो.

निवड

त्या वर्षीच्या प्रवेश परीक्षेत आम्ही तीन गोष्टी दिल्या होत्या. चुकीच्या लिहिलेल्या वीस तळटिपा दुरुस्त करायच्या, एक विस्कळीत उतारा संपादित करायचा, आणि दिलेल्या एका निकालावर दोन पानी टिपण लिहायचं. वेळ ४८ तास. त्यानंतर मुलाखत.

दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. लातूरकडची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. उताऱ्याच्या संपादनात तिला कमी गुण पडले. इंग्रजी बेताचं होतं, ‘द’ आणि ‘अ’ कुठे लावायचं यात गडबड होती. पण तळटिपांच्या भागात तिने एक वेगळंच काम केलं होतं. आम्ही फक्त दाखल्याची मांडणी सुधारायला सांगितली होती. तिने लायब्ररीत जाऊन त्यातले सहा निकाल काढले आणि एका ठिकाणी शेरा मारला: ‘मांडणी सुधारली आहे, पण या पानावर हे विधान नाही.’ तपासलं तर आम्ही परीक्षेसाठी घेतलेलं पानच चुकलं होतं.

मंडळातल्या एकाचं म्हणणं पडलं की इंग्रजी कच्चं असलेला माणूस इंग्रजी जर्नलमध्ये नको. त्याची काळजी खोटी नव्हती. पण भाषा वर्ष-दोन वर्षांत सुधारते, आमच्यातल्या कितीतरी जणांची तशीच सुधारली होती. छापील पान दिसलं तरी मूळ काढून बघायची ही खोड शिकवून येत नाही. आम्ही तिला घेतलं. मराठी माध्यमातली मुलं जर्नलचा फॉर्मच भरत नाहीत, ‘आपलं इंग्रजी नाही तेवढं’ म्हणून मागे राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

लेख

लेख पोलीस पाळत आणि तडीपारी या विषयावरचा होता. लिहिणारे एक वकील होते, तालुका कोर्टांपासून हायकोर्टापर्यंत तीस-एक वर्षं फौजदारी काम केलेले. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली एखाद्याला जिल्ह्याबाहेर काढता येतं, कमाल दोन वर्षांसाठी. नोटीस कशी निघते, गोपनीय साक्षीदार कसे उभे राहतात, कोणत्या गुन्ह्याचा संदर्भ देऊन माणसाला गावाबाहेर घालवतात, हे त्यांनी आतून पाहिलेलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक लक्ष्मण डोंगरे यांच्या प्रकरणात, म्हणजे जालन्याच्या एका तडीपारीच्या आदेशावर, असे आदेश अपवादानेच काढावेत असं बजावलं होतं. त्या पार्श्वभूमीवर लेख अगदी वेळेवर आला होता. त्यात त्यांच्या एका जुन्या अशिलाची हकिगत होती: सणाला आईला भेटायला रात्री गावात आलेला आणि पहाटे पकडलेला माणूस. ती दोन पानं मी तीनदा वाचली. लेख घ्या म्हणणाऱ्यांत मी पहिला होतो.

लेखाचा कणा असा होता: खासगी आयुष्याचा हक्क आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच व्यक्तिस्वातंत्र्याचा अविभाज्य भाग मानला, म्हणून तेव्हापासूनची घरावरची पाळत, हिस्टरी शीट (पोलिसांनी संशयिताची ठेवलेली नोंद), रात्रीच्या भेटी हे सगळं मुळातच घटनाबाह्य होतं. आधार होता खरक सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या निकालाचा, तळटीप क्रमांक ४७. लेखात अवतरणचिन्हात निकालातली दोन वाक्यं होती आणि त्यांच्या आधी ‘न्यायालयाने म्हटले’ असं लिहिलं होतं.

ही तळटीप त्या मुलीकडे गेली.

काय सापडलं

खरक सिंगवर १९४१ मध्ये दरोड्याचा संशय आला होता. पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. तरी पोलिसांनी त्याची हिस्टरी शीट उघडली. उत्तर प्रदेशच्या पोलीस नियमावलीतल्या नियम २३६ खाली चौकीदार आणि शिपाई रात्री-अपरात्री दार ठोठावायचे, हाका मारून झोपेतून उठवायचे, घरात शिरायचे. परगावी जायचं तर सांगून जायचं. त्याने थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. सहा न्यायमूर्तींच्या पीठाने १८ डिसेंबर १९६२ ला निकाल दिला.

सहांपैकी चौघांचं बहुमत न्या. अय्यंगार यांनी लिहिलं. सरन्यायाधीश सिन्हा, न्या. इमाम आणि आपल्या विदर्भातले न्या. मुधोळकर त्यांच्यासोबत होते. त्यांनी रात्रीच्या घरभेटी तेवढ्या रद्द केल्या. पाळतीचे बाकीचे प्रकार कायम ठेवले आणि स्पष्ट लिहिलं की खासगीपणाचा हक्क आपल्या राज्यघटनेने हमी दिलेला हक्क नाही. न्या. सुब्बा राव यांनी स्वतःसाठी आणि न्या. शहांसाठी वेगळं मत लिहिलं. घटनेत हा हक्क शब्दांत नसला तरी तो व्यक्तिस्वातंत्र्याचा आवश्यक घटक आहे, आणि सगळा नियम २३६ रद्द व्हावा, असं त्यांचं म्हणणं. हे अल्पमत.

लेखातली वाक्यं सुब्बा रावांची होती.

तिने मला गुरुवारी संध्याकाळी लायब्ररीत बोलावलं. समोर निकालांचा जाड बांधणीचा खंड उघडा. पुस्तकात पेन्सिल चालवायची नाही, म्हणून तिने परीक्षेच्या पुरवणीच्या कोऱ्या कागदाच्या पट्ट्या फाडून पानांत खोचल्या होत्या. एक पट्टी निकाल सुरू होतो तिथे, एक जिथे ‘सुब्बा राव, जे.’ (म्हणजे जस्टिस) हे नाव येतं तिथे. तळटिपेत दिलेलं पान दुसऱ्या पट्टीच्या पुढे होतं. ती म्हणाली, “दादा, शब्द अगदी बरोबर आहेत. एक कानाही चुकलेला नाही. पण हे कोर्टाने म्हटलेलं नाही, कोर्टाशी न पटलेल्या दोन जजनी म्हटलंय.”

मी विचारलं, तुला कळलं कसं? तिने सांगितलं की बहुमत कुठे संपतं हे तिला माहीत नव्हतं, म्हणून ती पहिल्या पानापासून वाचत आली. सबंध निकाल. एका तळटिपेसाठी.

माझं पहिलं उत्तर आज मला आवडत नाही. मी म्हणालो, “ठीक आहे, कंसात ‘अल्पमत’ लिहू आणि पुढे जाऊ.” अल्पमताचा दाखला द्यायला बंदी नाही, ते अल्पमत आहे हे सांगितलं की झालं. नियमाच्या दृष्टीने मी चुकत नव्हतो.

तिने लेखाचं पान पुढे केलं. बोट ‘म्हणून तेव्हापासून’ या शब्दांवर. “तळटीप सुधारली तर हे वाक्य पडतं,” ती म्हणाली. “आणि कोर्टाने १९६२ मध्येच हे मान्य केलं असतं, तर २०१७ मध्ये नऊ जजना बसायची काय गरज होती?”

हा प्रश्न मी पुढे मंडळात, सरांपुढे, वकीलसाहेबांपुढे, सगळीकडे तसाच मांडला. तो तिचा होता. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा प्रकरणात आठ न्यायमूर्ती, १९६२ मध्ये खरक सिंगमध्ये सहा, दोन्ही ठिकाणची वाक्यं खासगीपणाच्या हक्काच्या विरोधात. नंतर गोविंद प्रकरणात १९७५ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, आणि पुढे फोन टॅपिंगच्या खटल्यापर्यंत अनेक छोट्या पीठांनी वाट काढत हा हक्क पुढे नेला. पण मोठ्या पीठांचे शब्द छोट्या पीठांना पुसता येत नाहीत, ते डोक्यावर होतेच. आधार कार्डाच्या खटल्यात सरकारने नेमकी तीच दोन जुनी वाक्यं पुढे केली, म्हणून २०१५ मध्ये प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. २४ ऑगस्ट २०१७ ला याच खटल्यात, म्हणजे पुट्टस्वामी प्रकरणात, नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं आणि खरक सिंगमधला तो भाग पुसला. मधल्या ५५ वर्षांत ज्याच्या दारावर रात्री थाप पडली, ज्याच्या मागे साध्या वेशातला शिपाई फिरला, त्याच्या वकिलाला कोर्टात ‘हा माझ्या अशिलाचा मूलभूत हक्क आहे’ असं छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं. लेखाने तो सगळा काळ एका ‘तेव्हापासून’मध्ये गिळून टाकला होता.

फोन

आम्ही लेखकाला मेल केला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज प्रेमळ होता. “बाळ, हे वाक्य मी कोर्टात किती वेळा वाचून दाखवलंय. समोरच्या सरकारी वकिलाने कधी हरकत घेतली नाही. आणि आता तर तोच कायदा आहे ना? सुब्बा राव बरोबर होते असं नऊ जजनी सांगितलं. मग अडचण कसली?”

त्यांचा मुद्दा हलका नव्हता, त्यावर मला रात्रभर विचार करावा लागला. आज निकालाचा अर्थ काय लागतो हे सांगायचं असेल तर सुब्बा रावांचं मत खरंच कायद्याच्या जागी येऊन बसलं आहे. पण लेख आजचा कायदा सांगत नव्हता. ‘१९६२ पासून असंच होतं’ हे तो सांगत होता. अल्पमताला पुढे मान मिळाला म्हणून ते मागच्या तारखेने बहुमत होत नाही.

माझ्या डोळ्यांसमोर दुसरंच चित्र होतं. एखाद्या तालुक्याच्या कोर्टात दोन वर्षं वकिली झालेला मुलगा हा लेख वाचतो, ती दोन वाक्यं अर्जात उतरवतो, आणि उभा राहून म्हणतो, ‘सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच…’ सरकारी वकील खंड उघडून पुढची-मागची पानं दाखवतो. जज वर बघतात. मागच्या बाकावर तडीपारीची नोटीस हातात घेऊन त्याचा अशील बसलेला असतो. त्या क्षणानंतर त्या मुलाचा उरलेला युक्तिवाद, कितीही खरा असला तरी, कोण मनापासून ऐकणार? जर्नलमध्ये छापलेली ओळ अशी कुठेतरी जाऊन पोहोचते, आणि तिथे ती वापरणारा आमच्यावर भरवसा ठेवून वापरतो.

जर्नल बघणारे आमचे सर म्हणाले, छापून टाका. कॉलेजच्या मूल्यांकनाची भेट जवळ आली होती, टेबलावर ताजा अंक असावा असं त्यांना वाटत होतं. शिवाय, “तीस वर्षं वकिली केलेल्या माणसाला दुसऱ्या वर्षाची मुलगी शिकवणार का?” हे ते चिडून बोलले, एरवी ते तसे नाहीत. मी म्हणालो, “सर, ती शिकवत नाहीये. हे कुठे लिहिलंय एवढंच विचारतेय.” ते गप्प बसले, पण त्यांनी आम्हांला अडवलं नाही, आणि निर्णय आमच्यावर सोडला. त्याबद्दल त्यांचे मी आजही उपकार मानतो.

बैठक

शनिवारी दुपारी रिकाम्या वर्गात आम्ही नऊ जण बसलो. तीन वाटा होत्या. नुसती तळटीप सुधारून छापायचं. तो भाग पुन्हा लिहून मागायचा आणि अंक थांबवायचा. किंवा लेख परत करायचा. लेख परत करावा असं कोणालाच वाटत नव्हतं, इतकं बाकीचं लेखन मोलाचं होतं. पहिल्या वाटेच्या बाजूने चौघे होते. जबाबदारी लेखकाची, आपण फक्त दाखला तपासतो, त्यांचं मत आपण का दुरुस्त करावं? हा प्रश्न खरा आहे आणि संपादकाने तो स्वतःला रोज विचारावा. लेखकाचं मत आपल्याला पटलं नाही म्हणून बदलायला लावणारा विद्यार्थी संपादक मला अजिबात आवडत नाही. असे पाहिलेत मी. पण इथे मताचा प्रश्न नव्हता. कोण काय म्हणालं ही वस्तुस्थिती होती, आणि मत त्या वस्तुस्थितीवर उभं होतं.

पाच विरुद्ध चार मतांनी दुसरी वाट ठरली. माझं मत पाचांमध्ये होतं. ती मुलगी मंडळाची सभासद नव्हती, तिला मत नव्हतं. पट्ट्या खोचलेला तो खंड घेऊन ती दारापाशी बसली होती, विचारलं तेव्हाच बोलली.

पत्र मी लिहिलं. इंग्रजीत होतं, मजकूर साधारण असा: ‘तळटीप ४७ मधलं अवतरण अचूक आहे, परंतु ते न्या. सुब्बा राव यांच्या अल्पमतातलं आहे. बहुमताचं म्हणणं याच्या उलट आहे. त्याची प्रत सोबत जोडली आहे. आपल्या लेखाचा तिसरा भाग या अवतरणावर उभा असल्याने तो भाग पुन्हा पाहावा अशी विनंती आहे. २०१७ च्या निकालाने हे अल्पमत मान्य केलं हे आपल्या मांडणीला बळ देणारं आहे असं आम्हांला वाटतं.’ शेवटचं वाक्य गोड बोलायला घातलेलं नव्हतं. ५५ वर्षं दोनच न्यायमूर्तींचं म्हणून पडून राहिलेलं मत शेवटी नऊ जणांनी उचललं, ही गोष्ट ‘तेव्हापासून असंच होतं’पेक्षा कितीतरी मोठी आहे. लेखकाने ती सांगावी असं मला मनापासून वाटत होतं.

नऊ दिवस उत्तर नाही. दहाव्या दिवशी मेल आला, एका ओळीचा: ‘हे अवतरण मी आपल्याच जर्नलच्या २०२० च्या अंकातून घेतलं आहे, कृपया पाहावं.’ खाली पान क्रमांक.

जुना तक्ता

कपाटातून २०२० चा अंक काढला. आधार कार्डावरचा एक लेख होता. त्यात तीच दोन वाक्यं, आधी तेच शब्द: ‘न्यायालयाने म्हटले’. जुन्या लेखांचे तपासणीचे तक्ते आम्ही ड्राइव्हवर जपून ठेवतो. तो उघडला. त्या तळटिपेपुढे हिरवी टिक, ‘पान जुळतं’, आणि शेवटच्या रकान्यात माझी आद्याक्षरं.

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतो. लॉकडाउनचे दिवस, लायब्ररी बंद, सगळे आपापल्या घरी. पण ते कारण नाही. निकाल नेटवर अख्खा उपलब्ध होता. मी काय केलं होतं ते मला स्वच्छ आठवलं. निकाल उघडला, कंट्रोल-एफ दाबलं, अवतरणातले चार शब्द टाकले. शब्द पिवळे झाले. टिक केलं आणि पुढच्या तळटिपेला गेलो. शब्द तिथे आहेत की नाहीत एवढंच मी पाहिलं. ते कोण बोलतंय हे पाहायला मला वर सरकायला हवं होतं, पाच-सहा पानं. मी सरकलो नाही. त्या मुलीला शॉर्टकट ठाऊक नव्हता असं नाही, तिने तो वापरायचा नाही असं ठरवलं होतं.

मूळ चूक त्या जुन्या लेखकाची, नंतरची वकीलसाहेबांची. पण या दोघांच्या मधला दरवाजा राखायला मी बसलो होतो. आमच्या छापील अंकाने त्या चुकीला प्रतिष्ठा दिली आणि ती फिरून आमच्याच दारात आली.

मंडळातल्या एकाने सुचवलं की जुन्या अंकाचं कोणाला सांगायचं कारण नाही. साइटवरची फाइल गुपचूप बदलून टाकू. यावर मात्र चर्चा लांबू दिली नाही. २०२० चा अंक लोकांनी वाचला होता, उतरवून घेतला होता. गुपचूप बदल केला तर ज्याच्याकडे जुनी प्रत आहे त्याला चूक झाली हे कधीच कळणार नाही. ठरलं ते असं: नव्या अंकात स्वतंत्र पानावर शुद्धिपत्र, जुनी फाइल तशीच ठेवून तिच्या पहिल्या पानावर टीप, आणि त्या जुन्या लेखाच्या लेखकाला पत्र.

वकीलसाहेबांना मी मेल केला नाही, फोन केला. सांगितलं की तुम्ही म्हणता ते खरं आहे, आमच्या अंकात ते छापलं गेलं, आणि ती तळटीप तपासणारा मीच. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, “तुझं नाव होतं का त्यावर?” मी म्हणालो, आद्याक्षरं होती. “बरं,” ते म्हणाले, “पाठवतो मी.”

बारा दिवसांनी नवा मसुदा आला. तिसरा भाग मुळापासून लिहिलेला होता: १९५४, १९६२, १९७५, २०१५, २०१७, आणि त्या त्या काळात खालच्या कोर्टात काय म्हणता येत होतं आणि काय नाही. एका वकिलालाच लिहिता येईल असं लेखन. पण शब्दमर्यादेत बसवायला त्यांनी त्या अशिलाची, सणाला रात्री आईकडे आलेल्या माणसाची, दोन पानं काढून टाकली. मर्यादा वाढवून देतो म्हटलं, विनवलं. नाही म्हणाले, अशिलाची परवानगी घेतलेली नाही, पुन्हा विचार करता ते नकोच असं त्यांचं कारण होतं. कारण योग्य होतं. मला ती पानं अजून आठवतात.

मूल्यांकनाची भेट आमच्या अंकाशिवाय होऊन गेली. लेखाच्या पहिल्या तळटिपेत, जिथे लेखक आभार मानतात, तिथे ‘संपादक मंडळाचे आभार’ एवढंच होतं. मी त्या मुलीचं नाव घालायला सुचवलं तर तिनेच नको म्हटलं.

शुद्धिपत्र पाच ओळींचं झालं. कोणत्या अंकातल्या कोणत्या पानावर, काय छापलं, बहुमत काय होतं, अल्पमत कोणाचं, आणि ही चूक तपासणीत राहून गेली. ‘मुद्रणदोष’ हा सोयीचा शब्द आम्ही मुद्दाम टाळला, कारण छापखान्याचा त्यात काही दोष नव्हता.

त्या आठवड्यात तिने एक्सेलच्या तक्त्यात एक नवा रकाना घातला, ‘पान जुळतं का’ आणि ‘आद्याक्षरं’ यांच्या मध्ये. नाव दिलं: ‘कोणाचं मत’. पहिली नोंद तिनेच केली, तळटीप ४७ पुढे: ‘न्या. सुब्बा राव, स्वतःसाठी व न्या. शहांसाठी, अल्पमत, पुट्टस्वामी २०१७ मध्ये मान्य.’ पुढे तिची आद्याक्षरं. मग मी २०२० चा तक्ता उघडला, त्यातही तो रकाना घातला, आणि माझ्या जुन्या टिकेपुढे तेच शब्द टाइप केले.